टीकॅसची टेस्ट नुसतं बटण दाबून होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन विमानं हवेत एकमेकांच्या फार जवळ आली आणि थोडक्यात अनर्थ टळला अशी बातमी अधूनमधून पेपरात येते, आणि दर वेळी त्यात दोनच माणसं असतात, एक पायलट ज्याने प्रसंगावधान दाखवलं आणि एक कंट्रोलर ज्याचं काहीतरी चुकलं. मधे कुठेतरी एक ओळ असते की विमानातल्या टक्कररोधक यंत्रणेने, म्हणजे टीकॅसने, इशारा दिला. बस, एवढंच. ती यंत्रणा तिथे बसवली कोणी, तू कुठल्या विमानात आहेस आणि किती उंचीवर आहेस हे तिला सांगितलं कोणी, शेवटचं तपासलं कधी आणि कसं, याबद्दल एक अक्षर नसतं. मी याच कामात आयुष्य घालवलंय, एव्हिऑनिक्स म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या मेंटेनन्समध्ये, म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जमलं तर न कापता छापा ही विनंती.

माझं म्हणणं एकच आहे. टीकॅसचा डबा चांगला आहे म्हणजे टीकॅस चांगलं आहे असं अजिबात नाही. डब्याच्या मागे जाणाऱ्या वायरी, त्या वायरींवरून येणारी उंची, ट्रान्सपॉन्डर (म्हणजे रेडिओवर कोणी विचारलं की आपोआप उत्तर देणारा डबा), अँटेना, हे सगळं मिळून टीकॅस होतं आणि ते सगळं बाहेरून टेस्ट सेट लावून तपासल्याशिवाय विमान सोडू नये. आणि दुसरी बाजू पण तेवढीच महत्त्वाची, ही टेस्ट निष्काळजीपणे केली तर जमिनीवर उभं असलेलं विमान वरून जाणाऱ्या विमानाला खोटा इशारा देऊ शकतं. लोकांना हे माहीतच नसतं.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. टीकॅस जमिनीवरच्या कुणालाही विचारत नाही. ते स्वतः १०३० मेगाहर्ट्झवर आजूबाजूच्या विमानांना प्रश्न विचारतं आणि त्या विमानांचे ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतात. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, समोरच्याची उंची त्या उत्तरातच असते, आणि दिशा अँटेनावरून कळते पण ती ढोबळच. म्हणूनच टीकॅस कधी डावीकडे वळ उजवीकडे वळ असं सांगत नाही, फक्त वर किंवा खाली. आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' म्हणजे टीए, तेव्हा उंचीनुसार साधारण २० ते ४८ सेकंद हातात असतात, आणि १५ ते ३५ सेकंद उरले की आरए, म्हणजे सरळ हुकूम, 'क्लाइंब' नाहीतर 'डिसेंड', आणि पायलटने ५ सेकंदांच्या आत विमान हलवायला सुरुवात केलीच पाहिजे असं धरून पुढचं सगळं गणित बसवलेलं असतं. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर ती दोघं आपसात बोलून ठरवतात, एक वर, एक खाली.

आता बघा, यात सगळ्यात जास्त भार कशावर आहे? उंचीवर. समोरच्याच्या उंचीवर आणि आपल्या स्वतःच्या. आपली उंची एअर डेटा कॉम्प्युटरकडून, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या डब्याकडून, ट्रान्सपॉन्डरला जाते आणि तिथून टीकॅसला, आणि तीच उंची ट्रान्सपॉन्डर बाहेर सगळ्या जगाला पण सांगतो. म्हणजे ही एक वायर खोटं बोलली तर आपलं टीकॅसही फसतं आणि समोरच्याचंही, आणि दोन्ही टीकॅस अगदी बरोबर चालत असूनसुद्धा नीट पार झाली असती अशी दोन विमानं एकमेकांकडे ढकलली जाऊ शकतात! २९,००० ते ४१,००० फुटांमध्ये विमानांमध्ये फक्त १,००० फुटांचं अंतर ठेवतात, तिथे काही शे फुटांची चूक म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

जुन्या सिस्टममध्ये ही उंची गिलहॅम कोडने जायची, बऱ्याच छोट्या विमानांत आजही जाते, म्हणजे प्रत्येक बिटला एक वेगळी वायर. यातली एक वायर तुटली किंवा पिन मागे सरकली तर चूक सगळ्या उंचीवर दिसत नाही, काही ठरावीक उंचीवरच दिसते, कारण तो बिट तिथेच बदलतो. जमिनीवर आकडा बरोबर, ५,००० ला बरोबर, आणि भलत्याच एका उंचीवर गेलं की आकडा एकदम उडी मारतो. म्हणून एका उंचीवर बघून सही केली की झालं असं होत नाही, पिटो स्टॅटिक सेट (हवेचा दाब बदलून विमानाला उंचीवर असल्याचं भासवणारा) लावून पायरी पायरीने वर न्यावं लागतं आणि प्रत्येक पायरीला टेस्ट सेटवर आकडा वाचावा लागतो. आणि मोठ्या विमानांत ट्रान्सपॉन्डर दोन असतात, दोघांना उंची वेगवेगळ्या एअर डेटाकडून येते, टीकॅस त्यातल्या जो सिलेक्ट केलाय त्याचं ऐकतं. एकावर टेस्ट केली आणि दुसरा तसाच सोडला तर अर्धीच टेस्ट झाली. वेळ नाही म्हणून असं अर्धं सोडलेलं काम मी पाहिलंय, आणि कागदावर ते पूर्ण झालेलं असतं, याचा मला आजही राग येतो.

दुसरी गोष्ट ॲड्रेसची. प्रत्येक विमानाला २४ बिटचा एक मोड एस ॲड्रेस असतो, गाडीच्या नंबर प्लेटसारखा, तो विमान ज्या देशात रजिस्टर होतं तो देश देतो. बऱ्याच विमानांत तो डब्यात साठवलेला नसतो, डब्यामागच्या कनेक्टरवर कुठल्या पिना ग्राउंड केल्यात त्यावरून ठरतो. हे चांगलंच आहे, कारण डबा बदलला तरी ॲड्रेस विमानासोबत राहतो. पण विमान विकलं गेलं, दुसऱ्या देशात गेलं, रजिस्ट्रेशन बदललं, की त्या पिना परत करायला लागतात आणि तिथे एक पिन चुकली तरी कॉकपिटमधून बटण दाबून होणाऱ्या सेल्फ टेस्टला काही कळत नाही, तिच्या दृष्टीने तो एक वैध नंबर असतो. टीकॅस स्वतःच्या ॲड्रेसकडून आलेली उत्तरं बाजूला टाकतं, कारण ते आपणच आहोत असं त्याला वाटतं. मग दोन विमानांचा ॲड्रेस एकच पडला आणि ती समोरासमोर आली तर? एकाचं टीकॅस दुसऱ्याला बघणारच नाही. शिवाय दोघांनी एकाच वेळी एकच दिशा निवडली तर माघार कोणी घ्यायची हेही ॲड्रेसवरच ठरतं, ज्याचा ॲड्रेस मोठा तो आपली दिशा उलटी करतो. इतकं सगळं ज्या नंबरवर अवलंबून आहे तो टेस्ट सेटवर वाचून रजिस्ट्रेशनच्या कागदाशी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. माझं तर स्पष्ट मत आहे की हे ताडून बघणारा माणूस वायरिंग करणाऱ्यापेक्षा दुसरा असावा, कारण ज्याने पिना केल्या त्याला आपलीच चूक दिसत नाही.

बाकीच्या पिनांबद्दल लोक अजूनच कमी बोलतात. जी विमानं जास्त उंचीवर किंवा फ्लॅप्स खाली असताना टीकॅसला हवा तेवढा चढाव, म्हणजे मिनिटाला १,५०० फूट, देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी क्लाइंब इनहिबिट, म्हणजे वर जायचा हुकूम रोखणारी, अशी इनपुट असते, ती विमानाच्या मॉडेलप्रमाणे लावायची असते. ती राहिली तर टीकॅस अशा विमानाला वर जा म्हणेल जे वर जाऊच शकत नाही. मग रेडिओ अल्टिमीटर, म्हणजे खालच्या जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र. जमिनीपासून साधारण १,००० फुटांखाली आरए बंद होतात, मुद्दाम, नाहीतर लँडिंगला येणाऱ्या विमानाला भलतेच हुकूम मिळतील. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकलं, ६७ माणसं गेली, तेव्हा खूप जणांनी विचारलं की टीकॅस काय करत होतं. विमानात 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' वाजलं होतं, पण टक्कर साधारण ३०० फुटांवर झाली आणि त्या उंचीवर आरए येतच नाही. यंत्रणेची मर्यादा आहे ती, लपवायचं कारण नाही. पण मला जी काळजी आहे ती अशी की रेडिओ अल्टिमीटरची इनपुट चुकीची आली तर हीच मर्यादा ५,००० फुटांवर पण लागू होऊन बसेल आणि तिथे तिचं काही काम नाही.

आणखी एक वायर, जी मी स्वतः कधीही तपासल्याशिवाय सोडली नाही. जमिनीजवळ आल्याचा इशारा देणारी जीपीडब्ल्यूएस बोलायला लागली की टीकॅसने गप्प बसायचं असतं, म्हणजे आरए द्यायचे नाहीत, फक्त टीए, कारण डोंगर आधी. त्यासाठी दोन डब्यांमध्ये एक सिग्नल असतो. तो तपासायचा तर दोन्ही एकत्र चालवून बघावे लागतात. एकेकट्याची टेस्ट केली तर दोघंही ओके म्हणतात आणि मधली वायर तुटलेली असू शकते.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण सेल्फ टेस्ट. कॉकपिटमध्ये बटण दाबलं की स्क्रीनवर लाल चौकोन, पिवळा गोल, भरलेला आणि पोकळ डायमंड असे चार आकार येतात, मग आवाज येतो की टेस्ट ओके. ऐकायला फार छान वाटतं. डबा चालतोय, स्क्रीन चालतोय, स्पीकर चालतोय एवढं त्यातून नक्की कळतं. पण आपण हवेत जी उंची सांगतोय ती खरी आहे का, ॲड्रेस आपलाच आहे का, समोरचं विमान डावीकडे असताना डावीकडेच दिसतंय का, हे त्यात कुठे आलं? दिशा दाखवणाऱ्या अँटेनाला चार केबल असतात, त्यातल्या दोन अदलाबदल झाल्या तर ट्रॅफिक भलत्याच बाजूला दिसेल आणि पायलट खिडकीतून चुकीच्या बाजूला शोधत बसेल. काही बनावटींमध्ये डबा केबलचा रेझिस्टन्स मोजून ही अदलाबदल पकडतो, पण भरवशाची टेस्ट एकच, रॅम्प टेस्ट सेट घेऊन विमानाच्या भोवती चारही बाजूंना उभं राहायचं आणि आतल्या माणसाने सांगायचं की कुठे दिसतंय. मग तोच सेट समोरून येणारं विमान असल्याचं सोंग करतो, काही मैलांवरून जवळ जवळ येत जातो, आधी टीए, मग आरए, वरच्या अँटेनाने एकदा, खालच्या अँटेनाने एकदा. ट्रान्सपॉन्डर स्टँडबायला टाकून टीकॅस ऑफची खूण स्क्रीनवर उमटते का तेही बघायचं.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण २९ सप्टेंबर २००६ ला ब्राझीलवर गोल कंपनीचं बोइंग ७३७ आणि एक लेगसी बिझनेस जेट एकाच उंचीवर समोरासमोर धडकली, बोइंगमधली सगळी १५४ माणसं गेली. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर बंद पडलेल्या स्थितीत होता आणि ट्रान्सपॉन्डर नाही तर त्याचं टीकॅसही नाही, आणि बोइंगच्या टीकॅसला तर ते विमान अस्तित्वातच नव्हतं. स्क्रीनवर छोटीशी सूचना होती, कॉकपिटमध्ये कोणाच्या लक्षात आली नाही. दोन्ही विमानांत टीकॅस बसवलेलं होतं, हे परत वाचा. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीला सौदी आणि कझाकस्तानच्या विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली, तिथे कुठल्याच विमानात टीकॅस नव्हतं, आणि त्यानंतर ते आपल्या आकाशात सक्तीचं झालं. सक्ती झाली ते चांगलंच झालं, पण ब्राझीलने दाखवलं की बसवलेलं असणं आणि त्या क्षणी चालू असणं यात फरक आहे.

आता दुसरी बाजू, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. हँगरमध्ये विमान उभं आहे, टेस्टसाठी त्याला हवेत असल्याचं भासवलंय, पिटो स्टॅटिक सेटने उंची ५,००० फूट केलीय आणि ट्रान्सपॉन्डर चालू आहे. ट्रान्सपॉन्डरला भिंत कळत नाही आणि टेस्ट आहे हेही कळत नाही, तो कोणी विचारलं की उत्तर देतो, मी ५,००० फुटांवर आहे. त्याच वेळी खरोखर ५,००० फुटांवरून एक विमान वरून चाललंय. त्याच्या टीकॅसला उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं जेमतेम दीड किलोमीटर, आणि उंची तंतोतंत आपलीच. आता ते काय करेल? जे करायला बनवलंय तेच करेल. आणि तो पायलटही नियमाप्रमाणे विमान झटक्यात वर किंवा खाली घेईल, मागे कोणी चहाची ट्रॉली घेऊन उभं असेल, कोणाचा पट्टा सोडलेला असेल, आणि खाली किंवा वर खरंच तिसरं विमान असेल तर तो विचारच नको. हे काल्पनिक नाहीये, असे खोटे इशारे जगात बऱ्याच ठिकाणी मिळालेत आणि म्हणूनच युरोप-अमेरिकेतल्या विमान सुरक्षा संस्थांनी याबद्दल लेखी सूचना काढून ठेवल्यात.

त्या सूचनांमध्ये अवघड असं काहीच नाही. सुरू करायच्या आधी टॉवरला फोन करून सांगायचं, कधी सुरू आणि किती वेळ. शक्यतो हँगरच्या आत करायचं. अँटेनावर कपलर किंवा कव्हर लावायचं म्हणजे सिग्नल टेस्ट सेटमध्येच जाईल, आभाळात नाही. उंची बदलताना मधल्या वेळात ट्रान्सपॉन्डर स्टँडबायला. उंचीची टेस्ट नसेल तर विमान जमिनीवर असल्याच्या स्थितीतच ठेवायचं. आणि जेवायला जाताना ट्रान्सपॉन्डर तसाच चालू सोडून जायचं नाही, हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं पण लिहितो. कपलर शोधायला वेळ जातो, तो दुसऱ्या शिफ्टकडे असतो, विमान संध्याकाळी परत सोडायचं असतं, तेव्हा दोनच मिनिटं चालू करूया म्हणणारा माणूस वाईट नसतो, घाईत असतो. पण वरून जाणाऱ्यांना तेवढी दोन मिनिटं पुरतात.

मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या त्याच विमानतळावर उतरणाऱ्या विमानांना टीकॅसचे खोटे इशारे आले, आणि अमेरिकन सिनेटच्या सुनावणीत असं सांगितलं गेलं की जवळच ड्रोनविरोधी यंत्रणेची टेस्ट चालू होती, टीकॅसच्याच फ्रिक्वेन्सी पट्ट्यात, आधी सावध केलेलं असूनही. म्हणजे हा प्रश्न फक्त मेंटेनन्सवाल्यांचा पण राहिला नाही, १०३० आणि १०९० च्या आसपास जो कोणी काही चालू करतो त्या प्रत्येकाचा आहे.

खोट्या इशाऱ्याने सगळ्यात मोठं नुकसान होतं ते विश्वासाचं. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर एक तुपोलेव्ह आणि एक मालवाहू बोइंग ७५७ रात्री धडकली, ७१ माणसं गेली, त्यात शाळकरी मुलं खूप होती. तिथे दोन्ही टीकॅस बरोबर बोलत होती, एकाला वर, एकाला खाली. पण कंट्रोलरने तुपोलेव्हला खाली जा सांगितलं आणि त्यांनी कंट्रोलरचं ऐकलं. त्यानंतर जगभर पक्कं झालं की आरए आला की कंट्रोलर काहीही म्हणो, आरएचंच ऐकायचं. रात्रीच्या अंधारात, समोर काही दिसत नसताना, दुसरा माणूस रेडिओवर उलटं सांगत असताना ५ सेकंदांत एका डब्यावर विश्वास ठेवा असं आपण पायलटला सांगतो. मग त्याला तसा विश्वास ठेवता येईल असं काम जमिनीवर झालंच पाहिजे. ज्याला महिन्याभरात दोन खोटे इशारे आलेत तो तिसऱ्या वेळी अर्धा क्षण थांबेल, आणि माणूस म्हणून मी त्याला दोष देणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अल्टिमीटर, ट्रान्सपॉन्डर, अँटेना, टीकॅस यातल्या कशालाही हात लागला किंवा विमानाचं रजिस्ट्रेशन बदललं तर टेस्ट बाहेरच्या सेटने, दोन्ही ट्रान्सपॉन्डरवर, अनेक उंचींवर व्हावी, ॲड्रेस दुसऱ्या माणसाने वाचावा, आणि त्यासाठी लागणारा वेळ विमान सोडण्याच्या वेळापत्रकात आधीच धरलेला असावा, टेक्निशियनच्या जेवणाच्या सुट्टीतून काढलेला नसावा. प्रत्येक हँगरला स्वतःचा टेस्ट सेट आणि पुरेसे कपलर असावेत, दुसऱ्याकडून मागून आणलेले नाहीत. हे काही परवडणार नाही असं कोणी म्हणू नये, एका विमानाच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत.

आणि तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी आली की तुमच्या वार्ताहराने विमान कंपनीला एवढं जरूर विचारावं: या विमानाच्या टीकॅसची पूर्ण टेस्ट शेवटची कधी झाली, तेव्हा कुठल्या कुठल्या उंचीवर आकडे वाचले, दुसरा ट्रान्सपॉन्डर तपासला का, आणि इशारा खोटा निघाला तर त्या वेळी खाली कुठल्या हँगरमध्ये टेस्ट चालू होती. उत्तर मिळालं तर ते छापा, नाही मिळालं तर विचारलं होतं हे छापा.

आपला,
एक एव्हिऑनिक्स इंजिनिअर